संत ऑगस्टीन

संत ऑगस्टीन (लॅटिन नाव: ऑरेलियस ऑगस्टिनस, जन्म: थागास्ते, १३ नोव्हेंबर ३५४, मृत्यू: हिप्पो रेगियस, २८ ऑगस्ट ४३०) हे उत्तर आफ्रिकेतील हिप्पो रेगियस या बंदराचे बिशप, ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक होते. कन्फेशन्स आणि ईश्वरनगरी (लॅटिन: दे सिव्हिताते देई) या ग्रंथांमुळे त्यांचे नाव जगभर परिचित आहे. तथापि त्यांचा आकाराने सर्वांत मोठा ग्रंथ या दोहोंपैकी नाही. जुन्या करारातील स्तोत्रसंहितेच्या १५० स्तोत्रांवरील त्यांची विवरणे हा तो ग्रंथ होय. परमेश्वर राजा आहे आणि तो पृथ्वीचा न्याय करावयास येत आहे, ही त्या प्राचीन हिब्रू काव्यातील घोषणा ख्रिस्ती श्रद्धेने कशी समजून घ्यावी, याचे पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेतील सर्वांत प्रभावी उत्तर या विवरणांतून घडले.

ऑगस्टीन यांच्या लॅटिन बायबलमध्ये नववे व दहावे स्तोत्र एकत्र धरलेले असल्यामुळे पुढील बहुतेक स्तोत्रांचे क्रमांक एकाने मागे पडतात. या लेखात मराठी बायबलमधील क्रमांक दिले आहेत.

पूर्वायुष्य

थागास्ते (सध्याचे सूक अहरास, अल्जीरिया) हे रोमन साम्राज्यातील नुमिडिया प्रदेशातले लहानसे नगर. वडील पॅट्रिशियस तेथील नगरसभेचे सभासद होते. त्यांची जमीन बेताची होती आणि आयुष्याच्या अखेरीस ख्रिस्ती होईपर्यंत ते जुन्या रोमन देवतांना मानत होते. आई मोनिका निष्ठावंत ख्रिस्ती होती. मदौरा येथील शिक्षण पैशाअभावी मध्येच थांबले. पुढे रोमानियानस या धनिकाच्या साहाय्याने ऑगस्टीन कार्थेज येथे वक्तृत्वशास्त्र शिकले. तेथे एका स्त्रीशी त्यांचा दीर्घ सहवास झाला व अदेओदातुस हा मुलगा जन्मला. या स्त्रीचे नाव त्यांनी आपल्या लिखाणात कोठेही नोंदवलेले नाही. सुमारे पंधरा वर्षांच्या सोबतीनंतर, योग्य कुळातील विवाह जुळावा म्हणून तिला आफ्रिकेला परत पाठवण्यात आले. कन्फेशन्समध्ये हा प्रसंग थोड्या वाक्यांत येतो. त्या थोड्या वाक्यांतील वेदना लपत नाही, पण नाव मात्र लपलेलेच राहिले.

एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा हॉर्टेन्सियस हा ग्रंथ वाचून त्यांना ज्ञानाची ओढ लागली. बायबलचे ओबडधोबड लॅटिन भाषांतर या वक्तृत्वाच्या विद्यार्थ्याला रुचले नाही. त्यानंतर सुमारे नऊ वर्षे ते मानी पंथाचे श्रोते होते. प्रकाश व अंधार या दोन शक्तींचा सनातन झगडा मानणारा हा पंथ यहुद्यांचा जुना करार त्याज्य समजे. म्हणजे ज्या स्तोत्रांवर पुढे तीस वर्षे त्यांनी प्रवचने केली, ती स्तोत्रे तुच्छ मानण्याचेच शिक्षण त्यांना तरुणपणी मिळाले होते.

मिलान

३८३ मध्ये ते रोमला आणि पुढच्या वर्षी, सिमॅकस या उमरावाच्या शिफारशीने, मिलान येथे वक्तृत्वाचे राजनियुक्त अध्यापक म्हणून गेले. मिलान ही त्या वेळी पश्चिम साम्राज्याच्या दरबाराची नगरी होती. सम्राटाची स्तुतिपर भाषणे रचणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. अशा भाषणांत आपण खोटे बोलत असू आणि ते खोटे आहे हे जाणणारे लोकच टाळ्या देत, असे त्यांनी पुढे कबूल केले आहे. राजत्वाविषयी त्यांनी नंतर जे लिहिले, त्यामागे दरबार जवळून पाहिलेल्या माणसाचा हा अनुभव आहे.

मिलानचे बिशप अँब्रोज यांच्या प्रवचनांतून जुन्या कराराचा रूपकात्मक अर्थ त्यांना प्रथम उमगला. ३८६ च्या वसंतात बालसम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याची आई जस्टिना हिने एक चर्च एरियस पंथीयांसाठी मागितले. अँब्रोज यांनी नकार दिला. लोक चर्चमध्ये रात्रंदिवस पहारा देत बसले. त्यांत मोनिकाही होती. या लोकांचा धीर खचू नये म्हणून पूर्वेकडील चर्चच्या पद्धतीने सर्वांनी मिळून स्तोत्रे व गीते गाण्याची प्रथा तेव्हा मिलानमध्ये सुरू झाली. दरबाराच्या सैनिकांसमोर, खरा राजा कोण हे सांगणारी स्तोत्रे सामान्य माणसे गात आहेत, हे दृश्य त्या नगरीने पाहिले. ऑगस्टीन अद्याप चर्चबाहेर होते. त्या गायनाने नंतर आपल्या डोळ्यांत पाणी आणले असे त्यांनी लिहिले आहे.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मिलानमधील एका बागेत त्यांचे मनःपरिवर्तन झाले. अध्यापकपद सोडून ते आई, मुलगा व मित्रांसह कासिसियाकुम येथे एका मित्राच्या शेतघरात राहिले. बाप्तिस्म्यापूर्वी काय वाचावे असे त्यांनी अँब्रोज यांना विचारले होते. अँब्रोज यांनी यशया संदेष्ट्याचा ग्रंथ सुचवला. पहिलीच पाने कठीण गेल्याने ऑगस्टीन यांनी तो बाजूला ठेवला आणि स्तोत्रे हाती घेतली. चौथे स्तोत्र वाचताना मानी पंथीयांविषयी आपल्याला आधी संताप आणि मग कीव कशी वाटली, याचे सविस्तर वर्णन कन्फेशन्समध्ये आहे. ३८७ च्या ईस्टरला अँब्रोज यांच्या हस्ते ऑगस्टीन, अदेओदातुस व मित्र अलिपियस यांचा बाप्तिस्मा झाला.

आफ्रिकेला परतताना त्याच वर्षी ओस्तिया बंदरात मोनिकाचे निधन झाले. मुलगा अदेओदातुस मोठ्याने रडू लागला, त्याला शांत करण्यात आले, आणि मित्र एव्होदियस याने १०१ वे स्तोत्र गाण्यास सुरुवात केली. घरातील सर्वांनी त्याला साथ दिली. हे स्तोत्र मुळात यरुशलेमच्या राजाचे आहे: आपण राज्य कसे करू याची प्रतिज्ञा तो दया आणि न्याय या दोन शब्दांनी आरंभतो. दुःखाच्या घरात राजाचे स्तोत्र का निवडले गेले, हे ऑगस्टीन सांगत नाहीत. पुढे बिशप म्हणून याच स्तोत्राचे विवरण करताना मात्र त्यांनी त्या दोन शब्दांच्या क्रमावर बोट ठेवले. दया आधी येते, कारण आताचा काळ दयेचा आहे. न्याय नंतर येतो, कारण त्याची वेळ ठरलेली आहे. दयेमुळे बेफिकीर होऊ नये व न्यायामुळे हताश होऊ नये, असा त्यांचा रोख आहे.

हिप्पो आणि स्तोत्रांची विवरणे

अदेओदातुस आफ्रिकेत परतल्यानंतर लवकरच वारला. ३९१ मध्ये ऑगस्टीन हिप्पो येथे गेले असता तेथील लोकांनी त्यांना जवळजवळ जबरदस्तीने धर्मगुरू केले. ३९५ च्या सुमारास ते वृद्ध बिशप व्हॅलेरियस यांचे सहबिशप व नंतर उत्तराधिकारी झाले. पुढील सुमारे पस्तीस वर्षे ते याच नगराचे बिशप राहिले. हिप्पो रेगियस या नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ राजाचे असा आहे. पूर्वी नुमिडियाचे राजे तेथे राहत.

स्तोत्रांचे काम धर्मगुरू असतानाच, ३९२ च्या सुमारास सुरू झाले. पहिल्या ३२ स्तोत्रांवरील टिपणे आटोपशीर आहेत. नंतरची बहुतेक विवरणे हिप्पो, कार्थेज व अन्य गावांच्या चर्चमध्ये प्रत्यक्ष केलेली प्रवचने असून लघुलेखकांनी ती जागच्या जागी टिपून घेतली. त्यामुळे श्रोत्यांचा गलका, उकाडा, थकवा, वक्त्याचा बसलेला आवाज हे सारे त्यांत सापडते. ११९ वे स्तोत्र त्यांनी वर्षानुवर्षे टाळले. ते दिसायला सोपे आहे, म्हणूनच त्याची खोली दाखवणे अवघड, असे त्यांचे म्हणणे होते. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून अखेर ४२० च्या आसपास त्यांनी त्यावर ३२ प्रवचने तयार केली आणि संच पूर्ण झाला. या ग्रंथाला आज रूढ असलेले एनारातिओनेस हे नाव सोळाव्या शतकात इरॅस्मस यांनी दिले.

ऑगस्टीन यांना हिब्रू येत नव्हते आणि ग्रीकही बेताचेच येत होते. ग्रीक भाषांतरावरून केलेल्या जुन्या लॅटिन प्रतीवर ते विसंबले. त्यामुळे काही अर्थ मूळ शब्दांत नाहीत, भाषांतराच्या वळणातून आलेले आहेत. अनेक स्तोत्रांच्या मथळ्यात हिब्रूमध्ये गायकप्रमुखाचा उल्लेख आहे. लॅटिनमध्ये त्याचे रूप शेवटाकडे असे झाले होते. ऑगस्टीन यांनी त्यावरून ठरवले की ही स्तोत्रे नियमशास्त्राची परिपूर्ती असलेल्या ख्रिस्ताकडे नेतात. व्याकरणाच्या दृष्टीने हा पाया चुकीचा आहे, परंतु त्यांनी उभारलेली इमारत केवळ या पायावर उभी नाही.

त्या इमारतीचा मुख्य खांब म्हणजे संपूर्ण ख्रिस्त ही कल्पना. शौल ख्रिस्ती लोकांचा छळ करत असताना ख्रिस्ताने स्वर्गातून, तू माझाच छळ करतोस, अशी हाक दिल्याचे नव्या करारात सांगितले आहे. यावरून मस्तक (ख्रिस्त) आणि शरीर (चर्च) मिळून एकच व्यक्ती होते आणि स्तोत्रांत तीच बोलते, असे ऑगस्टीन मानत. टाकलेल्या माणसाचा २२ व्या स्तोत्रातील आक्रोश आणि विजयी राजाचा जयघोष हे म्हणून एकाच मुखातून येऊ शकतात. ही व्याख्यापद्धती घडवताना त्यांनी टायकोनियस याच्या नियमांचा मोकळेपणाने उपयोग केला. टायकोनियस हा ज्या डोनाटस पंथाविरुद्ध ऑगस्टीन झगडत होते, त्याच पंथाचा होता.

राजत्वाविषयीची त्यांची समजूत ९६ व्या स्तोत्राच्या विवरणात स्पष्ट दिसते. परमेश्वर राज्य करतो हे राष्ट्रांना सांगा, असा त्या स्तोत्राचा आशय आहे. ऑगस्टीन यांच्या प्रतीत येथे एक जादा शब्द होता. त्याने परमेश्वर लाकडावरून राज्य करतो असा अर्थ होई. हिब्रू संहितेत हा शब्द नाही. आरंभीच्या ख्रिस्ती लेखकांना मात्र तो माहीत होता. ऑगस्टीन यांच्या दृष्टीने ते लाकूड म्हणजे क्रूस. राजाने जग जिंकले ते लोखंडाने नव्हे, लाकडाने. त्याच प्रवचनात ते आदाम या नावाची चार अक्षरे ग्रीक भाषेतील पूर्व, पश्चिम, उत्तर व दक्षिण या दिशांच्या नावांची आद्याक्षरे असल्याचे दाखवतात: आदाम पडून फुटला, त्याचे तुकडे पृथ्वीभर विखुरले, आणि ईश्वर चारी दिशांतून ते वेचून पुन्हा जोडत आहे. पृथ्वीचा न्याय याचा अर्थ त्यातून निघतो. ज्याने साऱ्या जगाची किंमत मोजली तो साऱ्या जगाचाच न्याय करणार, एखाद्या तुकड्याचा नाही. खरे चर्च फक्त आफ्रिकेत उरले आहे असे मानणाऱ्या डोनाटस पंथीयांना हा टोला होता. ज्यांनी दया केली नाही त्यांनी न्यायाधीशाकडून दयेची अपेक्षा धरू नये, हा त्या प्रवचनाचा दुसरा मुद्दा आपल्या श्रोत्यांसाठी होता.

न्याय या शब्दाविषयी त्यांना सर्वांत अधिक झगडावे लागले. १४३ व्या स्तोत्रात भक्त एका श्वासात देवाच्या नीतिमत्त्वाचा आधार मागतो आणि दुसऱ्या श्वासात, सेवकाचा न्याय करू नकोस, अशी विनवणी करतो. पेलेजियसच्या अनुयायांशी वाद सुरू झाल्यावर, ४१२ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मा व अक्षर या ग्रंथात ऑगस्टीन यांनी आपली उकल मांडली: पौलाच्या पत्रांत ज्या ईश्वरी नीतिमत्त्वाविषयी सांगितले आहे ते ईश्वर स्वतः ज्याने नीतिमान आहे ते नव्हे, पापी माणसाला नीतिमान करताना तो जे वस्त्रासारखे पांघरतो ते होय. पेलेजियस पंथीयांना यात मानवी प्रयत्नांचा अपमान दिसला. काहींवर कृपा व्हावी आणि काहींवर होऊ नये, हे न्याय्य कसे, या प्रश्नाला ऑगस्टीन यांनी अखेरपर्यंत ईश्वराचे निर्णय अगाध आहेत एवढेच उत्तर दिले. त्यांच्या चाहत्यांनाही ते पुरेसे वाटलेले नाही.

न्यायासनावरील बिशप

त्या काळी दिवाणी तंटे बिशपपुढे नेण्याची मुभा होती. जमीन, वारसा, कर्ज यांचे वाद ऐकण्यात ऑगस्टीन यांची सकाळ जाई. कधी कधी दिवसभर उपाशी बसून ते निवाडे करीत, असे त्यांचे सहकारी व चरित्रकार पॉसिडियस सांगतात. परक्यांचा तंटा सोडवला तर एक मित्र मिळतो आणि मित्रांचा सोडवला तर एक गमावतो, म्हणून परक्यांचे तंटे बरे, हे वचन त्यांना आवडे. ईश्वरनगरीच्या एकोणिसाव्या भागात मानवी न्यायाधीशाचे चित्र आहे. सत्य समजत नाही म्हणून तो निरपराध साक्षीदाराचाही छळ करवतो, तरी समाजासाठी त्याला आसनावर बसावेच लागते. अशा माणसाने निदान आपल्या या विवशतेतून सोडवण्याची, २५ व्या स्तोत्रातील प्रार्थना करावी, असे ते म्हणतात. रोमन न्यायपद्धतीची एवढी कठोर आणि तरीही हतबल समीक्षा त्या काळच्या लेखनात विरळ आहे.

७२ व्या स्तोत्रातील राजा गरिबांचा कैवार घेतो. हे वर्णन शलमोनाला लागू पडत नाही, ते ख्रिस्ताचेच आहे, असे ऑगस्टीन सांगत. पण कैवाराचे काम त्यांच्या चर्चलाही करावे लागले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तोवर अज्ञात असलेल्या पत्रांपैकी एकात हिप्पोच्या किनाऱ्यावरून माणसे पळवून समुद्रापार विकणाऱ्या व्यापाऱ्यांची हकिगत आहे. चर्चच्या लोकांनी सुमारे १२० जणांची सुटका केली होती. या व्यापाऱ्यांना वजनदार आश्रयदाते आहेत आणि ते माणसे परत मागत आहेत, ही चिंता त्यात आहे.

राजांच्या सेवेचा प्रश्न

ऑगस्टीन यांच्या कीर्तीवरील सर्वांत गडद डाग राजत्वाच्या स्तोत्रांशीच निगडित आहे. आफ्रिकेतील चर्च चौथ्या शतकाच्या आरंभापासून दुभंगले होते. डोनाटस पंथीयांशी प्रथम त्यांनी वादविवादाने व गीतानेही सामना केला. सामान्य लोकांना पाठ व्हावे म्हणून धर्मगुरू असताना त्यांनी अक्षरानुक्रमे कडवी व ध्रुवपद असलेले सोपे लॅटिन स्तोत्र रचले होते. पंथीयांना शासनाच्या बळाने आणू नये, असे त्यांचे आरंभी मत होते. ४०५ च्या राजाज्ञेनंतर ते बदलले. खुद्द थागास्ते नगर कायद्याच्या भीतीने एकीकडे वळले आणि तेथील लोक आता समाधानी आहेत, हे उदाहरण त्यांनी ४०८ च्या पत्रात दिले. ४१७ मध्ये सेनाधिकारी बोनिफेस यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात दुसऱ्या स्तोत्राचा आधार आहे. तेथे पृथ्वीच्या राजांना भय धरून परमेश्वराची सेवा करण्यास बजावले आहे. राजा माणूस म्हणून नीतीने जगून सेवा करतो, पण राजा म्हणून न्याय्य कायदे करूनच सेवा करतो, असा युक्तिवाद ऑगस्टीन यांनी केला. पुढील शतकांत धर्मबाह्य ठरवलेल्या लोकांवर शस्त्र उगारणाऱ्यांनी या पत्राचा पुनःपुन्हा आधार घेतला.

याची दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक आहे. ४११ मध्ये कार्थेज येथे दोन्ही पक्षांच्या बिशपांची परिषद झाली व अध्यक्ष मार्सेलिनस यांनी डोनाटस पंथाविरुद्ध निर्णय दिला. त्या सुमारास हिप्पोच्या धर्मगुरूंपैकी एकाची हत्या करणारे व दुसऱ्याला विद्रूप करणारे पंथीय पकडले गेले, तेव्हा त्यांना देहदंड किंवा तशीच शारीरिक शिक्षा देऊ नये, अशी विनंती ऑगस्टीन यांनी मार्सेलिनस यांना पत्राने केली. लाकडावरून राज्य करणाऱ्या राजाचे विवरण करणारा प्रवचनकार आणि राजाज्ञेचे समर्थन करणारा बिशप यांच्यातील अंतर त्यांना स्वतःला कितपत जाणवले, हे त्यांच्या लेखनातून दिसत नाही.

५९ व्या स्तोत्रात शत्रूंना ठार न करता विखुरण्याची मागणी आहे. ती ऑगस्टीन यांनी यहुद्यांना लागू केली: यहुदी आपले शास्त्रग्रंथ घेऊन जगभर विखुरले आहेत आणि ख्रिस्ताविषयीच्या भाकितांचे साक्षी आहेत, म्हणून त्यांना जिवे मारू नये. ११४६ मध्ये दुसऱ्या धर्मयुद्धाच्या वेळी क्लेअरव्होच्या बर्नार्ड यांनी याच अर्थाचा आधार घेऊन यहुद्यांच्या कत्तलीस विरोध केला. त्याच विचाराने यहुद्यांचे दुय्यम स्थानही पक्के केले.

ईश्वरनगरी

४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले. जुन्या देवांना सोडल्यामुळे हे झाले, असा आरोप ख्रिस्ती लोकांवर आला. त्याचे उत्तर म्हणून ऑगस्टीन यांनी ४१३ ते ४२६ या काळात २२ भागांचा ईश्वरनगरी हा ग्रंथ लिहिला व आरंभी तो मार्सेलिनस यांना उद्देशून होता. मार्सेलिनस यांना ४१३ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून देहदंड झाला. ग्रंथाचे नाव स्तोत्रांतून, मुख्यतः ८७ व्या स्तोत्रातून आले आहे. ईश्वरावरील प्रेम आणि स्वतःवरील प्रेम यांतून निर्माण झालेल्या यरुशलेम व बाबेल या दोन नगरींची मांडणीही स्तोत्रांवरील प्रवचनांत आढळते. न्याय वजा केला तर राज्य म्हणजे दरोडेखोरांची मोठी टोळीच उरते, हा ग्रंथातील विचार सर्वज्ञात आहे. आदर्श सम्राट कोणता, हे सांगताना ते विजय किंवा दीर्घ कारकीर्द मोजत नाहीत. शिक्षेत मंद आणि क्षमेत तत्पर असणे मोजतात. थेस्सलोनिकाच्या कत्तलीनंतर लोकांसमोर प्रायश्चित्त घेणारा थिओडोसियस त्यांना त्यासाठी आठवतो. तसा दावीदही आठवतो: ५१ व्या स्तोत्रावरील प्रवचनात, दावीदाबरोबर पडायला तयार आणि त्याच्याबरोबर उठायला नाराज असलेल्या श्रोत्यांची त्यांनी चांगलीच कानउघाडणी केली आहे.

अखेर

४२९ मध्ये व्हँडल टोळ्या स्पेनमधून आफ्रिकेत उतरल्या व पुढच्या वर्षी त्यांनी हिप्पोला वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात ऑगस्टीन तापाने आजारी पडले. त्यांनी दावीदाची पश्चात्तापाची स्तोत्रे कागदांवर लिहून घेतली आणि ती अंथरुणासमोरच्या भिंतीवर लावून घेतली. पडल्या पडल्या ते ती वाचत व रडत. मृत्यूच्या सुमारे दहा दिवस आधी त्यांनी वैद्य व जेवण आणणारे यांच्याखेरीज कोणाला आत सोडू नये असे सांगितले. मृत्युपत्र त्यांनी केले नाही, कारण मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. चर्चचा ग्रंथसंग्रह तेवढा नीट जपावा, असे ते नेहमी सांगत असत. नगर पुढे पडले, पण ग्रंथ वाचले. त्यांचे अवशेष सार्डिनियामार्गे आठव्या शतकात इटलीतील पाव्हिया येथे नेण्यात आले.

प्रभाव

सहाव्या शतकात कॅसिओडोरस यांनी या विवरणांचे सार घेऊन स्वतःचे भाष्य रचले. पश्चात्तापाची स्तोत्रे सात ही गणनाही त्यांच्या भाष्यात आढळते. मध्ययुगातील मठांत ऑगस्टीन यांच्या पद्धतीनेच स्तोत्रे वाचली जात. ऑगस्टीनच्या नावाने चालणाऱ्या संघाचे साधू असलेले मार्टिन ल्यूथर यांनी १५१३ ते १५१५ या काळात स्तोत्रांवर व्याख्याने दिली, तेव्हा ही विवरणे त्यांच्यासमोर होती. ईश्वरी नीतिमत्त्वाविषयीचा आपला अर्थ आत्मा व अक्षर या ग्रंथातही सापडला, असे ल्यूथर यांनी उतारवयात नमूद केले. विसाव्या शतकात हर्मान गुंकेल यांनी राजविषयक स्तोत्रे यरुशलेमच्या दरबारातील विधींशी जोडली आणि सिगमुंड मोविंकेल यांनी परमेश्वराच्या राज्यारोहणाचा वार्षिक उत्सव कल्पिला. या संशोधनानंतर ऑगस्टीन यांचे अर्थ ऐतिहासिक म्हणून कोणी मानत नाही; उपासनेत मात्र ते टिकून आहेत.

ऑगस्टिनियन साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. जुने गोवे येथील त्यांच्या चर्चचे बांधकाम १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केल्यावर ते ओस पडले, १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि आता सुमारे ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा भग्न भाग उभा आहे. त्या मनोऱ्यातील घंटा पणजी येथील मेरी इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये वाजते.